हिमालयाचा तट आणि तटावरची माणसे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षणाविषयी, विवाहखर्चाविषयी आणि वसतिगृहाच्या निधीविषयी बोलले जाते, व ते अवश्यही आहे. परंतु या खेपेस चिटणिसांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली. तेव्हा आयुष्यभर खडू हाती धरून जो भूगोल मी शिकविला, त्यातील एका धड्याची दुरुस्ती आपणां सर्वांसमक्ष करावी, असे मी ठरविले. मी केवळ मॅट्रिक झालेला शिक्षक. राजनीतीवर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? तथापि चूक कबूल करण्यास अधिकार लागत नाही.

'भारताच्या उत्तरेस हिमालयाचा अभेद्य तट आहे' हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. एकदा सातवीतील एका मुलाने उभे राहून विचारले, "गुरुजी, तट अभेद्य होता, तर १९६२ साली चिनी सैन्य आत आले कसे?" मी त्यास खाली बसविले. त्याला देणे असलेले उत्तर आज देत आहे.

तटाला दोन बाजू असतात. आपल्या बाजूने हिमालय चढावयाचा म्हणजे खोल दऱ्या, ठिसूळ कडे आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी. पलीकडे तिबेटचे पठार आहे व त्याची सरासरी उंची सुमारे साडेचार हजार मीटर आहे. तेथे रस्ता पठारावरून सीमेजवळ आणता येतो; आपणांस तोच दऱ्याखोऱ्यांतून खोदीत न्यावा लागतो. मैदानातील जवानास विरळ हवेची सवय होण्यासाठी टप्प्याटप्प्याने वर न्यावे लागते. पठारावरील सैन्य आधीच त्या हवेत मुरलेले असते. आपल्यासाठी जो तट, तो पलीकडच्यास ओटा आहे. हे मी मुलांस कधी सांगितले नाही.

दुसरी गोष्ट सीमारेषेची. आपल्याकडे शेताच्या बांधावरून दोन-दोन पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, आणि बांध तर डोळ्यांना दिसतो! लडाखच्या पूर्वेकडील अक्साई चीनमध्ये बांधही नव्हता. १८६५ साली जॉन्सन नावाच्या इंग्रज मोजणीदाराने तो प्रदेश काश्मीरच्या हद्दीत दाखविला. १८९९ साली इंग्रजांनीच त्यातील बराच भाग चीनकडे जाईल अशी रेषा पेकिंगला सुचविली; तिला उत्तरच आले नाही. पूर्वेस १९१४ साली सिमल्याच्या परिषदेत मॅकमहोन रेषा ठरली. तिला तिबेटची संमती होती; चीनने मात्र ती कधीच मान्य केली नाही. साम्राज्यांनी दुर्बिणीतून आखलेल्या या रेषांचा वारसा १९४७ साली आपणांकडे आला.

तोवर मध्ये तिबेट होता. १९५० साली चिनी सेना तिबेटात शिरली आणि इतिहासात प्रथमच दोन मोठी राष्ट्रे या डोंगरात समोरासमोर उभी राहिली. १९५१ च्या फेब्रुवारीत मेजर बॉब खाथिंग यांनी आसाम रायफल्सच्या तुकडीसह तवांग येथे भारताचा कारभार सुरू केला. १९५४ साली पंचशीलाचा करार झाला. त्याच दशकात चीनने सिंक्यांग आणि तिबेट जोडणारा रस्ता अक्साई चीनमधून नेला व १९५७ साली तो पुरा केला. पूर्व विभागाचे सेनापती ले. जनरल शंकरराव थोरात यांनी १९५९ सालीच ईशान्य सीमेच्या संरक्षणाची योजना दिल्लीस कळविली होती. तिच्याकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही. २० ऑक्टोबर १९६२ रोजी युद्ध पेटले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली आणि त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणखाते सांभाळण्यास दिल्लीस गेले. अक्साई चीनचा सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर प्रदेश चीनच्याच ताब्यात राहिला.

पुढे १९६७ साली नथू ला येथे चकमक झाली, २०१७ साली डोकलामचा पेच आला आणि १५ जून २०२० रोजी गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. २०२४ च्या ऑक्टोबरात गस्तीविषयी समझोता झाला; परंतु सीमा ठरविणे बाकीच आहे.

बंधुभगिनींनो, हा झाला राष्ट्रांचा इतिहास. त्या तटावर माणसेही राहतात. गलवान हे नावच पाहा. इंग्रजी अमदानीत परदेशी प्रवाशांचे तांडे नेणारा गुलाम रसूल गलवान हा एक लडाखी वाटाड्या होता. त्याचे नाव त्या नदीस मिळाले. गढवालमधील नेलांग व जादुंग या गावांतील जाड लोक तिबेटशी मीठ-लोकरीचा व्यापार करीत. १९६२ साली त्यांना गावे रिकामी करावी लागली, व्यापार बुडाला आणि त्यांनी खाली बगोरीस संसार मांडला. चांगथांगचे चांगपा धनगर पश्मिना देणाऱ्या शेळ्या चारतात. गलवाननंतर दोन्ही सैन्यांमध्ये जे मोकळे पट्टे ठरले, त्यांत त्यांची काही कुरणे अडकली. दोन हत्ती शेजारी उभे राहिले, की गवताने कोठे जावे?

आणि अरुणाचल! त्या राज्यातील सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर भूमीवर चीन हक्क सांगतो. २०२३ साली तेथील तीन महिला खेळाडूंना चेंगडूच्या विद्यापीठ क्रीडास्पर्धेसाठी चीनने पारपत्रावर शिक्का न मारता कागद टाचून परवाना दिला. कारण त्यांना भारतीय मानणे त्यास मंजूर नव्हते. आपल्या सरकारने तो अपमान सोसला नाही.

आता एक घरगुती गोष्ट सांगतो. पुण्यात माझ्या एका आप्ताच्या घरी मी बसलो असता अरुणाचलचा एक विद्यार्थी भाड्याची खोली विचारण्यास आला. मुलगा नम्र होता, हिंदी स्वच्छ बोलत होता. खोली रिकामी असूनही 'जागा नाही' असे सांगण्यात आले, आणि तो जिना उतरतो न उतरतो तोच आतून शब्द आला, "चिनी दिसतो." मी तेथेच होतो. मी काही बोललो नाही. सातवीतल्या त्या मुलास मी खाली बसविले होते. त्या दिवशी मी स्वतःच खाली बसलो.

ज्याला चीन आपला म्हणतो आणि जो स्वतःस भारतीय म्हणवितो, त्याला आपण चिनी म्हणावे, याहून शत्रूचे मोठे काम कोणते? सीमेवर रस्ते हवेत, बोगदे हवेत, जवान तर हवेतच. परंतु त्या भूमीवरील आपल्या हक्काचा सर्वांत बळकट पुरावा म्हणजे तेथे राहणारा माणूस, आणि तो आपल्या दारी येतो तेव्हा सीमा आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेली असते.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. ज्यांच्या घरी भाड्याच्या खोल्या आहेत, त्यांनी अशा मुलास केवळ त्याच्या चेहऱ्यावरून परत पाठवू नये. मंडळाच्या वसतिगृहात ज्ञातीच्या मुलांची सोय झाल्यावर एखादी जागा उरली, तर ती डोंगराकडच्या मुलासाठी ठेवता येईल काय, याचा कार्यकारिणीने विचार करावा. मुलांना नकाशा शिकविताना रेघेबरोबर तिच्यावरची माणसेही दाखवा.

माझा धडा मी दुरुस्त केला आहे.