सुवाच्या बंदरात उतरलेला वकील
(स्वागताध्यक्षीय भाषण)



 शहाजीराजांची जहागीर असलेल्या बेंगळुरूनं आम्हां मराठी माणसांना पिढ्यान्‌पिढ्या आपलं मानलं. म्हणूनच स्थलांतरितांविषयीच्या या परिषदेचं यजमानपद आम्ही हौसेनं मागून घेतलं.

आज एका माणसाची आठवण करावीशी वाटते. वकील मणिलाल डॉक्टर. जन्म 1881, गायकवाडांच्या बडोद्यातला. मॉरिशसमध्ये त्यांनी मजुरांचे खटले लढवले. पुढे फिजीतून तिथल्या हिंदी मजुरांचे पुढारी तोताराम सनाढ्य यांनी गांधीजींना लिहिलं, आम्हांला एक वकील द्या. मणिलाल ऑगस्ट 1912 मध्ये फिजीतल्या सुवा बंदरात उतरले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या नामदार गोखल्यांनी गिरमिट बंद करण्याचा ठराव हिंदुस्थानच्या मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला होता. बाजूनं 22 मतं पडली, विरुद्ध 33.

गिरमिट म्हणजे ॲग्रिमेंट. पाच वर्षांचा करार, उसाचा मळा, आणि दहा फूट बाय सात फुटांच्या खोलीत तीन-तीन माणसं. काम अपुरं राहिलं तर तो फौजदारी गुन्हा! अशा माणसांच्या बाजूनं कोर्टात उभं राहायला मणिलाल गेले. ते स्वतः गिरमिटिया नव्हते. बॅरिस्टर होते, सुखानं राहू शकले असते. मला त्यांचं मोठेपण इथेच दिसतं.

1916 साली फिजीच्या कायदेमंडळात हिंदी माणसाला जागा मिळाली. लोकांना मणिलाल हवे होते. सरकारनं नेमलं बद्री महाराजांना. जानेवारी 1920 मध्ये गिरमिट संपलं, पण महागाईनं पिचलेल्या मजुरांनी त्याच महिन्यात सुवात संप केला. बायकांच्या आघाडीवर मणिलालांच्या पत्नी जयकुंवरबाई होत्या. या संपावरून सरकारनं खटला न चालवताच मणिलालांना दोन वर्षं विती लेवू या मुख्य बेटावर राहायला बंदी केली. एप्रिलमध्ये त्यांनी फिजी सोडलं. पुढे न्यूझीलंडनं त्यांना वकिलीची सनद नाकारली. 1956 साली मुंबईत ते वारले. ज्यांच्यासाठी ते झगडले, त्यांची नातवंडं आज फिजीत आहेत, आणि आपल्याकडे मणिलालांचं नावही फारसं कुणी घेत नाही, याचं मला दुःख होतं.

मित्रांनो, या शहरातल्या उंच इमारती बांधणारे हातही बाहेरगावचेच आहेत. त्यांच्यापैकी काहीजण आज दुपारच्या सत्रात स्वतःच्या भाषेत बोलणार आहेत. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत.