थंडीच्या दिवसांतील खुडूक कोंबडी

यवतमाळ जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडून दक्षिणेस उतरले की आदिलाबाद जिल्हा लागतो. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, पुढे तो आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, तरी बेला, जैनथ या बाजूची मराठी बोलणारी घरे जागच्या जागी राहिली आणि त्या घरांमागची कोंबड्यांची खुराडीही राहिली. तेलंगणातील कडक थंडीचा हा भाग. डिसेंबर-जानेवारीत येथे पहाटेचा पारा १० अंशांखाली उतरतो. काही वर्षी तो ५-६ अंशांपर्यंतही गेला आहे. नेमक्या अशा दिवसांत घरची गावठी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे गृहिणीपुढे प्रश्न उभा राहतो : तिला अंड्यांवर बसवावे की न बसवावे?

प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. दहा अंडी कोंबडीखाली ठेवायची म्हणजे ती मुलांच्या ताटातही पडत नाहीत आणि बाजारातही जात नाहीत. शिवाय अंड्यांवरचे तीन आठवडे आणि पुढे पिलांमागे हिंडण्याचे काही आठवडे कोंबडी अंडी देत नाही. ज्या घरात कोंबड्यांचा पैसा हाच काय तो बाईच्या हातचा पैसा असतो, तेथे बसविलेली अंडी वाया जाणे म्हणजे मुलांच्या वह्यांचा, औषधपाण्याचा पैसा बुडणे होय.

तरीही थंडीला भिऊन कोंबडी उठवून लावणे बरोबर नव्हे. येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा नुसत्या साठविलेल्या अंड्यातही उष्णतेने जीव धरू लागतो आणि अर्धवट वाढून मरतो. हिवाळ्यात अंडे ताजे राहते. थंडी बाधते ती उघड्या पडलेल्या अंड्याला. कोंबडीच्या पोटाखाली असलेल्या अंड्याला नव्हे.

अंड्यातील पिलू वाढण्यास सुमारे ३७.५ अंश ऊब २१ दिवस लागते. ही ऊब राखण्यासाठी प्राचीन इजिप्तमध्ये मोठमोठ्या भट्ट्या बांधीत. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४९ साली या विषयावर ग्रंथच लिहिला. शेणखताच्या उष्णतेवर आणि तापमापकाच्या साहाय्याने अंडी उबविण्याचे प्रयोग त्याने केले. हेच काम खुडूक कोंबडी आपल्या उघड्या कातडीने करते. तिच्या पोटाखालची पिसे विरळ होतात आणि तेथील ऊब थेट अंड्याला पोचते. तेव्हा ऊब निर्माण करण्याचे काम माणसाचे नव्हेच. ती वाया जाऊ न देणे, एवढेच त्याचे काम.

पहिली गोष्ट जागेची. टोपली गार भुईवर ठेवू नये. खाली फळी किंवा पोते घालून ती घरातील अंधाऱ्या, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. चुलीला खेटून मात्र ठेवू नये. तेथे एक बाजू तापते, दुसरी निवते आणि हवा कोरडी होऊन अंड्यातील ओल उडते. टोपलीत तळाशी माती व राख घालून वर मऊ गवत किंवा पेंढा बशीसारखा खोलगट पसरावा, म्हणजे अंडी मध्याकडे राहतात. राखेने उवा-पिसवांनाही आळा बसतो. हा कापसाचा जिल्हा, घरोघर कापूस असतो. पण मोकळा कापूस टोपलीत घालू नये. त्याचे तंतू पिलांच्या पायांना गुंडाळतात.

दुसरी गोष्ट अंड्यांच्या संख्येची, आणि येथेच बहुधा चूक होते. इतर दिवसांत गावठी कोंबडी बारा अंडी सहज झाकते. थंडीत आठ, फार तर दहा पुरेत. दोन अंडी जास्त ठेवली तर तेवढी दोनच बिघडतील, असा समज असतो. पण कोंबडी चोचीने अंडी सतत फिरवीत असते. कडेचे अंडे मध्ये येते, मधले कडेला जाते. पंखाबाहेर राहणाऱ्या त्या गार जागेवर प्रत्येक अंड्याची पाळी येते, आणि दोन अंड्यांच्या लोभापायी सगळीच जायबंदी होतात. अंडी सात दिवसांच्या आतली, न तडकलेली निवडावी आणि रात्री अंधारात हळूच तिच्याखाली सरकवावी.

तिसरी गोष्ट तिच्या उठण्याची. कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी उठते. तिला ही सवय दुपारच्या उन्हाच्या वेळी लावावी. अख्खी ज्वारी आणि पाणी टोपलीजवळच ठेवावे, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत ती परतते. उशीर झालाच तर अंड्यांवर गोधडीचा तुकडा टाकावा. अंडी निवलेली आढळली, तर ती लगेच फेकू नयेत. काही तास थंडावलेली अंडीही पुष्कळदा जगतात, फक्त पिले थोडी उशिरा निघतात.

सातव्या-आठव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडापुढे धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव आहे. स्वच्छ दिसले तर ते वांझ अंडे काढून घ्यावे. ते नुसतीच जागा अडविते आणि ऊब खाते. अठराव्या दिवसानंतर मात्र टोपलीला हात लावू नये. टरफलाला भोक पडल्यापासून पिलू बाहेर येण्यास अर्धा दिवस ते एक दिवस लागू शकतो. दया येऊन टरफल सोलणारा हात पिलाचा घात करतो. कारण आतील पडद्यात अद्याप रक्त वाहत असते आणि पिवळा बलक पोटात ओढला जायचा असतो. तोच बलक पिलाला पहिला दीड-दोन दिवस पुरतो. तेव्हा चारण्याचीही घाई नको.

नवजात पिलाला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, ती आईच्या पंखाखालीच मिळते. म्हणून दव सुकून ऊन चढेपर्यंत पिलांना बाहेर सोडू नये. बारीक कण्या आणि उथळ ताटलीत पाणी आतच द्यावे. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत रोगाची लस द्यावी. थंडीतून वाचविलेली पिले या रोगाने एका आठवड्यात जातात, असे खेड्यापाड्यांतून वारंवार घडते.

पुढे दुपारी अंगणात डालग्याखाली कोंबडी आणि तिची सात-आठ पिले उन्हाला बसलेली दिसली, की गृहिणीने खुशाल समजावे, आपली अंडी वाया गेली नाहीत. मग घारीकडे आणि मुंगसाकडे लक्ष ठेवावे. थंडीची काळजी कोंबडी स्वतः घेते.