शिक्षा : काही नाही

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. त्यावर बोलणारे हल्ली दर आठवड्याला कुठे ना कुठे भेटतात, म्हणून मी तो बदलून घेतला. गेली वीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्यातली शेवटची आठ-नऊ वर्षं माझं काम एकच आहे : मोबाईलच्या पडद्यावर येणारा मजकूर आपल्या भाषांत नीट दिसतो का आणि वाचणाऱ्याला नीट कळतो का, हे पाहणं. म्हणजे इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी शेवटी शब्दांकडेच आले. मराठीच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्या आता हसताहेत.

आज मुख्यतः एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आहे ‘शिक्षा’. तो नुसता उच्चारला तरी मागच्या बाकावरच्या मंडळींनी तळहात चोळलेले मला इथून दिसले.

काही वर्षांपूर्वी, गावांतल्या बायकांना नोकरीचं प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेचं ॲप आमच्याकडे तपासायला आलं. बनवलं दुसऱ्यांनी होतं. नोंदणीचा फॉर्म आधी हिंदीत तयार झाला आणि मराठीची वेळ आली तेव्हा कोणीतरी ठरवलं की लिपी तर एकच आहे, बरेचसे शब्द तसेच चालतील. ‘नाम’ चाललं. ‘पता’सुद्धा चालला, कारण त्यात एक त कमी पडलाय एवढंच वाटतं. त्याखालचा रकाना होता ‘शिक्षा’.

बायकांनी आपापल्या फोनवर फॉर्म भरला. त्या रकान्यात कोणी लिहिलं ‘नाही’, कोणी ‘काही नाही’, कोणी ‘एकदाही नाही’. एकीने लिहिलं होतं, ‘मला नाही, दिराला झाली होती.’ ऑफिसात आम्ही हे वाचून हसलो, मग हसू थांबलं. कारण संगणकाला नियम दिलेला होता : या रकान्यात ‘नाही’ आलं तर बाई अशिक्षित धरायची. प्रशिक्षणाला अट होती दहावी पासची. त्यामुळे या सगळ्या जणी यादीतून आपोआप बाहेर. त्यांत बारावी झालेल्या होत्या, एक चक्क बी. ए. होती.

खात्री करण्यासाठी मी त्यांच्यातल्या काही जणींना स्वतः फोन केले. एकीने माझं बोलणं पुरतं ऐकूनच घेतलं नाही. दबक्या आवाजात म्हणाली, ‘‘मॅडम, माझ्यावर काही केस आहे का?’’ फॉर्म भरल्यापासून दोन महिने ती हेच मनात धरून बसली होती. संस्थेने चांगुलपणाने बाकीच्यांना पुढच्या तुकडीत घेतलं. ही आली नाही. जिथे नाव-पत्त्याच्या खालोखाल शिक्षा विचारतात, तिथे सुनेला पाठवायचं नाही, असं तिच्या सासऱ्यांनी ठरवलं होतं. आणि फॉर्म वाचला तर त्यांचंही काय चुकलं?

आमच्या धंद्यातली खरी गोम इथे आहे. त्या रकान्यात एखादा अगदी अनोळखी शब्द असता, तर बायकांनी शेजारी कोणाला तरी विचारलं असतं. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामने खाली लाल रेघ मारली असती. पण ‘शिक्षा’ हा शुद्ध मराठी शब्द आहे. प्रोग्रामने तो पास केला, बायकांनीही वाचला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं. न कळणारा शब्द मला फार त्रास देत नाही. कळल्यासारखा वाटणारा देतो.

बरं, दोन्हीकडचा शब्द एकाच आईचा. संस्कृतात ‘शक्’ म्हणजे समर्थ असणं. त्याचं इच्छादर्शक रूप ‘शिक्ष्’, समर्थ व्हावंसं वाटणं, म्हणजेच शिकणं. सहा वेदांगांतलं एक ‘शिक्षा’, ते उच्चारांचं शास्त्र. हिंदी आणि बंगाली या अर्थाजवळ राहिल्या. मराठीने शिकण्यासाठी ‘शिक्षण’ वेगळं काढलं आणि ‘शिक्षे’च्या हातात छडी दिली. धडा शिकवणं, वळण लावणं, मग दंड, असा तो उतार असावा. यात आपण एकटे नाही. कन्नडमधली ‘शिक्षे’ आणि तेलुगूतली ‘शिक्ष’ यांचाही अर्थ दंडच. म्हणजे या शब्दापुरती आपली मराठी उत्तरेकडे पाठ करून दक्षिणेच्या पंगतीत बसली आहे.

असे आणखी कितीतरी. बंगाली माणूस ‘चेष्टा’ करतो म्हणजे प्रयत्न करतो, आपण केली की समोरचा रागावतो. ‘यातायात’ म्हणजे मुळात जाणं-येणं. हिंदीत ती रहदारी झाली, मराठीत दगदग. पुण्यात संध्याकाळी सहा वाजता हा फरक उरत नाही, ते सोडा.

खरं म्हणजे हे सगळं आपण सोलापूरकरांनी जगाला शिकवायला हवं. गिरण्या आणि मागांच्या या गावात आपल्या एका वर्गात किती भाषा होत्या आठवा! घरी तेलुगू बोलणारी पद्मशाली मुलं, अक्कलकोट रस्त्याकडची कन्नड मुलं, दखनी बोलणारे आपले दोन-तीन मित्र. सगळे मराठी माध्यमात, एकाच फळ्याकडे बघत. त्या फळ्यावर ‘मने’ असं लिहिलं तर मला मनाचं अनेकवचन दिसणार आणि माझ्या शेजारच्या कन्नड मैत्रिणीला घर. इथे आईसुद्धा एक नाही. आपलं मन संस्कृतातून आलेलं, त्यांची मने अस्सल द्राविडी. ‘कल्लु’ म्हटलं की कन्नडमध्ये दगड आणि तेलुगूत ताडी. मधल्या सुट्टीत यावरून झालेली एक मारामारी इथे हजर असलेल्या दोघांना आठवत असेल. शिक्षा दोघांनाही झाली, तिन्ही भाषांतली.

आईवेगळ्या पण चेहरा एकच असलेल्या शब्दांत माझा लाडका म्हणजे ‘पाव’. ‘पाव किलो पाव आणला आणि देव पावला’, या वाक्यात तीन पाव आहेत आणि तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही. पहिला संस्कृत ‘पाद’मधून, चौथा हिस्सा. तिसरा ‘प्राप्’मधून, म्हणजे मिळणं. मधला पोर्तुगीजांचा. पीठ पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात, असं लहानपणी आजीने आपल्याला सांगितलेलं असतं, ते विसरा. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला जो शब्द आहे त्याचा शेवट नाकात होतो. त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५४३ मध्ये ते जपानला पोचले. आपल्याकडे त्या शब्दाचा ‘पाव’ झाला आणि जपान्यांनी त्यातलं नाकातलं टोक पकडून ‘पान’ केलं. कामानिमित्त मी टोकियोत काही महिने होते तेव्हा पाटीवरचं ते अक्षर वाचता येऊ लागल्यावर बेकरीसमोर उभी राहून मी एकटीच हसत होते. कारण आपलं झाडाचं पान आलं ‘पर्ण’पासून, मद्यपानातलं पान संस्कृतातलं ‘पिणं’, आणि हे तिसरं, भाजलेलं.

आता संगणकाची बाजू. त्याला अर्थ दिसत नाही, आकडे दिसतात. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला युनिकोडमध्ये एक संकेतांक आहे. ‘शिक्षा’ म्हणजे श, वेलांटी, क, हलन्त, ष आणि काना, असे सहा संकेतांक. हिंदीतही तेच सहा, त्याच क्रमाने. नुसता तो शब्द समोर ठेवून जगातला कोणताही प्रोग्राम तो मराठी की हिंदी हे सांगू शकणार नाही. शेजारी ‘आहे’ असलं, कुठे एखादा ळ दिसला, तर अंदाज बांधता येतो. नाहीतर ‘हा मजकूर मराठी आहे’ हे कोणीतरी सांगावंच लागतं. फाईलमध्ये त्यासाठी एक छोटीशी खूण असते, दोन अक्षरांची. ती न टाकणाऱ्यांवर मी महिन्यातून एकदा तरी ओरडते. ती खूण असेल आणि फॉन्ट चांगला असेल, तर श देठाचा आणि ल पाकळीचा, आपल्या वळणाचा दिसतो. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेसाठी ठरवून दिला, तोच. हिंदीचा वेगळा. संकेतांक मात्र एकच.

आणि बाई, तुम्ही आम्हाला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला र घोटून घेतलात ना, समुद्राचा रफार आणि दरीच्या अनेकवचनाचा आडवा र? तो अर्धा र हिंदीला लागतच नाही. मराठीला तो लिहिता यावा म्हणून युनिकोडमध्ये ०९३१ या संकेतांकाच्या, खाली टिंब असलेल्या ऱ चा उपयोग करतात. ते अक्षर दक्षिणेतल्या भाषांचा कठोर र देवनागरीत लिहिण्यासाठीही आहे. एकाच अक्षरावर तमिळ आणि मराठी, दोघांचं काम चाललंय. नवीन मुलं मला विचारतात, एवढ्याशा टिंबाने काय बिघडतं? मी त्यांना एक वाक्य देते : ‘आचार्यांना जेवायला वाढा.’ मग त्यातला र बदलून ‘आचाऱ्यांना’ करते. आश्रमातले गुरुजी उठतात आणि स्वयंपाकघरातला माणूस पानावर येऊन बसतो.

माझं तुमच्याकडे एक काम आहे. आपल्यात बँकेत, पोस्टात, दवाखान्यात, जिल्हा परिषदेत काम करणारे बरेच जण आहेत. तुमच्या यंत्रांवर, छापील फॉर्मवर, ॲपमध्ये अशी मराठी दिसली, की जी हिंदीवरून नुसती उचलून ठेवली आहे, तर तिचा फोटो काढा आणि आपल्या ग्रुपवर टाका. सणाच्या शुभेच्छांच्या मध्ये टाकलात तरी मी शोधून काढेन. सगळं मला बदलता येणार नाही, पण कोणाला कळवायचं ते मला बरंच माहीत झालं आहे. ‘शिक्षा’ असलेला फॉर्म दिसला तर मात्र फोनच करा, रात्री केला तरी चालेल.

कन्नडमध्ये व्याख्यानाला ‘उपन्यास’ म्हणतात आणि हिंदीत ‘उपन्यास’ म्हणजे कादंबरी. माझं पहिल्याचं दुसरं व्हायला लागलंय, हे सरांनी मघापासून दोनदा घड्याळ बघून सुचवलं आहे. पानं वाढल्याचा निरोपही आला आहे. चला.