अंथरुणातून पावलाकडे



सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या कोणत्याही संस्थेकडे पाहिले असता एक गोष्ट सहज लक्षात येते. पायाभरणीच्या वेळी जे कार्यकर्ते तिशीत होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांनी विटा वाहिल्या, वर्गणीसाठी घरोघर जिने चढले, त्यांच्यापैकी कित्येकांना आज मंदिराच्या चार पायऱ्याही कठड्यावाचून चढवत नाहीत. म्हणून दुखापत, व्यायाम आणि पुन्हा उभे राहणे हा विषय आज प्रत्येक घराच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. आजी पहाटे उठतात, दिवा न लावता स्नानगृहाकडे जातात आणि ओल्या फरशीवरून पाय घसरतो. मांडीचे हाड खुब्यापाशी मोडते. शस्त्रक्रिया होते, ती उत्तम पार पडते आणि काही दिवसांनी आजी घरी येतात. मग घरातील साऱ्या प्रेमाला जणू भरती येते. सून म्हणते, "आई, तुम्ही मुळीच उठू नका, काय हवं ते मी हातात आणून देईन." मुलगा पलंगाशेजारी घंटी ठेवतो. भेटीस येणारा प्रत्येक आप्त निघताना "पूर्ण आराम करा" असेच सांगून जातो. तीन महिन्यांनी क्ष-किरण चित्रात हाड सुरेख जुळलेले दिसते. पण आजींना उभे राहता येत नाही. हाड जुळले आणि माणूस मात्र अंथरुणाला जुळला!

येथे चूक कोणाची? कोणाच्याही मनात वाईट नव्हते, आणि म्हणूनच ही चूक ओळखणे कठीण आहे. सेवा म्हणजे दुसऱ्याचे काम आपण करणे, अशी आपल्या घरांची समजूत आहे. दुखापतीनंतर मात्र रुग्णाचे काम रुग्णाकडून हळूहळू करवून घेणे ही त्याहून अवघड सेवा ठरते.

वैद्यकशास्त्रालाही हे उमगण्यास बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी मोडलेल्या वा आजारी सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी असा आग्रह धरला होता. त्याच काळात पॅरिसमध्ये ल्यूका-शांपियोनिएर हे शल्यविशारद नेमके उलट प्रतिपादन करीत होते; सौम्य मर्दन आणि लवकर हालचाल यांवर त्यांची भिस्त होती. बहुसंख्य वैद्य पुढे पुष्कळ वर्षे विश्रांतीच्याच बाजूने राहिले. १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज वैद्यांनी अंथरुणावर पडून राहण्याचे धोके एका लेखात मांडले, तेव्हा कोठे या समजुतीला जाहीर तडा गेला. आपल्याकडेही खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाच्या पायाला वजन लटकावून त्यास आठवडेच्या आठवडे उताणे निजवून ठेवण्याची पद्धत होती. पायाला दोरीने टांगलेल्या विटा पाहिलेली माणसे आजही अनेक कुटुंबांत आहेत.

अंथरुणाची किंमत किती, याचे एक मोजमाप अमेरिकेतील डलास येथे १९६६ साली झाले. पाच निरोगी तरुण निवडण्यात आले. वय वीस वर्षांचे. त्यांना तीन आठवडे केवळ अंथरुणावर ठेवले. त्यांची श्रम करण्याची क्षमता सुमारे चतुर्थांशाने घटली. पुढे तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासण्यात आले. ते आता पन्नाशीत होते, अंगाने सुटले होते. तरीही तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांची जेवढी हानी केली होती, तिच्यापेक्षा विशीतील त्या तीन आठवड्यांनी केलेली हानी अधिक होती! पुढे सहा महिने चालणे, धावणे, सायकल चालवणे असा क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम दिल्यावर तीस वर्षांत गमावलेली ती क्षमता त्यांनी परत मिळवली. ही विशीतल्या सुदृढ मुलांची गोष्ट. ऐंशी वर्षांच्या देहात मुळातच स्नायूंची शिल्लक थोडी असते. तेथे तीन आठवड्यांचा हिशेब काय होत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

शिवाय अंथरूण केवळ स्नायूच हिरावून नेते असे नाही. पोटरीच्या नीलांत रक्त साकळते आणि ती गुठळी फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. उताण्या माणसाचा श्वास उथळ होतो, कफ साचतो, न्यूमोनिया होतो. पाठीला व टाचांना जखमा होतात. वृद्ध माणूस पडल्यानंतर खचला आणि गेला असे आपण म्हणतो. त्या खचण्यात मोडलेल्या हाडाएवढाच या गोष्टींचा वाटा असतो. म्हणूनच आज खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो दाखल झालेल्या दिवशी वा दुसऱ्या दिवशी करावी आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णास उभे करावे, हा मार्ग मान्य झाला आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०११ साली हेच सांगितले. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन आलेल्या फिजिओथेरपिस्टला पाहून नातेवाईक घाबरतात, कधी त्याच्याशी भांडतात. ते भांडण रुग्णाच्या मुळावर येते.

हाडाचा स्वभावही समजून घेण्याजोगा आहे. हाड म्हणजे भिंतीतील सळई नव्हे. ते जिवंत आहे. मोडलेल्या जागी प्रथम रक्त गोठते, दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड तयार होतो, पुढे काही आठवड्यांत तो कठीण होतो आणि त्यानंतर महिनोन्महिने हाड स्वतःला घडवीत राहते. ते कसे घडावे हे त्यावर पडणारा भार ठरवतो. जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम ग्रंथरूपाने मांडला. ज्या हाडावर भार येतो ते बळकट होते, ज्यावर येत नाही ते विरळ होते. अर्थात कोणत्या पायावर कधी आणि किती भार द्यावा, हे मोड कसा आहे आणि तो कशाने बसवला आहे यावर अवलंबून असते. ते शल्यविशारदानेच सांगावे. शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नये.

हालचाल आवश्यक असे म्हटले की दुसऱ्या टोकाची एक चूक घडते, तिचाही उल्लेख केला पाहिजे. मूल झाडावरून पडते, कोपर सुजते, आखडते. घरचे त्यास मालीश करणाऱ्याकडे नेतात; तो तेल लावून जोराने चोळतो, हात ओढून सरळ करतो, मूल किंचाळते. अशा बळजबरीने कोपराभोवतीच्या स्नायूतच हाड तयार होऊ लागते आणि सांधा कायमचा जखडू शकतो. भारतातील अस्थिरोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला परिचित आहे. त्याच कोपराची हालचाल मुलाने स्वतः, वेदनेच्या मर्यादेत, दिवसातून अनेक वेळा केली तर तो बहुधा सुटत जातो. हात तोच, सांधाही तोच. फरक एवढाच की एके ठिकाणी बळ दुसऱ्याचे आहे आणि दुसरीकडे स्वतःचे. आजींच्या पलंगाशी होणारी चूक आणि या मुलाच्या कोपराशी होणारी चूक वरवर विरुद्ध दिसल्या तरी सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींत रुग्णाला काही करू दिले जात नाही.

"या वयात आता व्यायामाने काय होणार?" हा प्रश्न हमखास येतो. १९९० साली बोस्टन येथील एका वृद्धाश्रमातील दहा दुर्बल रहिवाशांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा, वजन घेऊन करावयाचा व्यायाम देण्यात आला. त्यांचे सरासरी वय नव्वद होते. मांड्यांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि काहींची काठी सुटली. प्रयोग लहान होता, हे खरे. परंतु नव्वदीतला स्नायूही शिकवल्यास शिकतो, ही गोष्ट त्याने निर्विवाद दाखवली.

तरुणपणीच्या दुखापतीचे उदाहरण तर आपल्या सांगली जिल्ह्यातच आहे. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्याशी राहिली आणि कमरेखालचे बळ गेले. मुष्टियुद्ध संपले. ते पोहण्याकडे वळले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैलीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री लाभली. पदकाची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. १९६५ आणि १९७२ यांमधील सात वर्षांची गोष्ट मात्र फारशी कोणी विचारीत नाही. आणि रुग्णाच्या कामाची आहे ती नेमकी तीच.

पुन्हा उभे राहणे म्हणजे आपल्या जगण्यात परत येणे. जयपूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'जयपूर फूट' घडवला, तेव्हा त्यांनी हेच ओळखले होते. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालून चालण्यासाठी होता. आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, मंदिरात पादत्राणे काढून जातो. रबर आणि लाकूड यांचा तो स्वस्त पाय या सवयींसाठी बनला. स्वतः गंभीर अपघातातून उठलेले सनदी अधिकारी डी. आर. मेहता यांनी १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि तो पाय गरजूंना विनामूल्य मिळू लागला. समाजाच्या संस्था काय करू शकतात, याचे हे उदाहरण जैन बांधवांना परके नाही.

आता आपल्या घरच्या दिनचर्येकडे येऊ. सामायिकाची ४८ मिनिटे जमिनीवर मांडी घालून बसणे हा कित्येकांचा आयुष्यभराचा नेम असतो. खुबा बदललेल्या व्यक्तीने प्रारंभीचे काही आठवडे खाली बसणे, पाय दुमडणे, वाकून वंदन करणे बहुधा टाळावयाचे असते, कारण नवा सांधा निखळू शकतो. तेवढा काळ उंच खुर्चीवर सामायिक करावे. खुर्चीवर बसल्याने आपली क्रिया उणी झाली असे वाटून अनेक वृद्ध मनातून कष्टी होतात आणि मग कोणी नसताना हळूच खाली बसतात! घरच्यांनी त्यांची चेष्टा करू नये व त्यांना रागावूही नये. गुरुमहाराजांकडूनच दोन शब्द सांगवावेत.

आहाराचेही तसेच. हाड व स्नायू भरून येण्याच्या काळात शरीरास प्रथिने अधिक लागतात. मूग, मटकी, हरभरा, तूर, दूध, दही, पनीर यांतून ती मिळतात. कंदमुळांवाचून येथे काहीच अडत नाही. अडते ते प्रमाणात. वरण पातळ, ताक पातळ आणि ताटात भातच अधिक, अशा जेवणाने स्नायू भरत नाहीत. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची रात्र लांब असते, म्हणून संध्याकाळच्या जेवणात डाळ वा पनीर अवश्य असावे. ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे रक्ततपासणीने पाहून घ्यावीत. शाकाहारी वृद्धांत ब-१२ कमी आढळणे ही नित्याची बाब आहे, आणि त्याच्या अभावी पायांची संवेदना व तोल बिघडतो. अशा काळात पर्युषण आले तर मोठी तपश्चर्या करावी की नाही, हा प्रश्न गुरुमहाराज आणि वैद्य या दोघांसमोर ठेवावा. पच्चक्खाणातही आजारपणासाठी आगार ठेवलेले आहेत, याचे विस्मरण होऊ नये.

व्यायाम म्हणजे मोठे अवडंबर नव्हे. पलंगावर असतानाच घोटे वरखाली करणे, गुडघा गादीवर दाबून मांडीचा स्नायू आवळणे, दीर्घ श्वास घेणे, येथून आरंभ होतो. मग पलंगाच्या काठावर पाय सोडून बसणे, वॉकर धरून उभे राहणे, दाराशी जाऊन येणे. पुढे हाताच्या खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम. हात टेकून आरंभ करावा, हात न टेकता उठता येणे हे पुढचे उद्दिष्ट. थोडे दुखणे अपेक्षित असते. दुसऱ्या दिवशीही सूज वाढलेलीच असेल तर मात्रा कमी करावी. पोटरी अचानक सुजली व दुखू लागली, छातीत कळ आली वा धाप लागली, तर मात्र क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठावे.

पडणे टाळणे हे तर सर्वांत स्वस्त औषध. स्नानगृहात भिंतीला पक्की मूठ, रात्री मंद दिवा, घसरत्या पायपुसण्याला रजा, डोळ्यांची वेळेवर तपासणी. पूजेनंतर मंदिराच्या गुळगुळीत फरशीवर सांडलेले पाणी लगेच पुसले जाते का, पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा आहे का, हे विश्वस्तांनी एकदा स्वतः चालून पाहावे. देणगीची पाटी लावण्यास जागा शोधणाऱ्या दात्याला कठड्याची पाटीही शोभून दिसेल!

वॉकर सुटल्यावर काठी येते, आणि ती धरण्यातच पुष्कळांची चूक होते. दुखरा पाय उजवा असेल तर काठी डाव्या हातात असावी. काठी व दुखरा पाय एकदमच पुढे पडावेत, म्हणजे खुब्यावरील भार हलका होतो. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय वर ठेवावा आणि मग दुखरा. उतरताना आधी काठी व दुखरा पाय खाली आणि मग चांगला. पहिल्या दिवशी एकच पायरी चढून उतरावी. सोबतच्या माणसाने चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे राहावे. दंड धरून ओढू नये. हात कमरेपाशी तयार ठेवावा, आणि तोल जात नाही तोवर तो लावू नये.