कालचं पाप कोणाच्या नावावर?

(वर्षावास प्रवचनमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘विञ्ञाण आणि काळ’. विञ्ञाण म्हणजे आपली जाणीव. मी सातवी शिकलेला, गिरणीतला माणूस. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. चुकलं तर भन्ते सांभाळून घेतील.

मागच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आपल्यातलीच एक सून माझ्याकडं आली. तिच्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही. नात्यातल्या कुणी तिला सांगितलं, त्याच्या जीवानं मागल्या जन्मी केलेलं तो आता फेडतोय. ती म्हणाली, “काका, हे खरं का हो?” १९५६ साली आपण धम्म घेतला, भिंतीवरचे देव उतरवले; पण हे वाक्य अजून घरात शिल्लक आहे.

बंधूंनो, हाच घोळ भगवंतांच्या काळी साती नावाच्या भिक्खूनं घातला होता. कोळ्याचा मुलगा. तो म्हणे, तेच एक विञ्ञाण जन्मोजन्मी फिरत राहतं. भगवंतांनी त्याला बोलावून चूक दाखवली. लाकडावर पेटली तर लाकडाची आग, गवतावर पेटली तर गवताची. तसंच डोळा आणि रूप यांच्यामुळं एक जाणीव उठते, कान आणि शब्द यांच्यामुळं दुसरी. कारण असेल तर उठते, कारण गेलं की विझते. मज्झिम निकायात हे आहे. संयुत्त निकायात तर असं सांगितलंय की, ‘मी’ म्हणायचंच असेल तर शरीराला म्हटलेलं बरं, ते काही वर्षं तरी टिकतं. मन रात्रंदिवस बदलतं, माकडानं फांदी सोडून फांदी धरावी तसं.

मी साच्यावर उभा राहिलेला माणूस, मला हे तिथं कळलं. धोटा मिनिटाला दीडशेच्या वर फेऱ्या मारतो, पण एका फेरीत आडवा धागा एकच. मागचं कापड गुंडाळलेलं, पुढं नुसतं सूत. विणकाम चालतं ते धोटा आत्ता जिथं आहे तिथंच. लांबून बघणाऱ्याला मात्र अखंड तागा दिसतो. (रात्रपाळीला पहाटेचे तीन ते चार हा तास मात्र दोन तासांचा असायचा. घड्याळ तेच, जाणीव वेगळी!)

मग कुणी म्हणेल, कालचा मी आज नाही, तर कालची उधारी कोण देणार? मिलिंद राजानं असेच प्रश्न नागसेनांना विचारले होते. नागसेन म्हणाले, रात्रभर जळणारा दिवा घ्या. पहिल्या प्रहरातली ज्योत पहाटे तीच नसते, पण दिवाही दुसरा नसतो. त्या दिव्यानं गाव पेटलं, तर “ती ज्योत वेगळी होती” म्हणून सुटता येत नाही. उधारी द्यावीच लागते!

त्या ग्रंथात ही गोष्ट पुढच्या जन्मापर्यंत नेली आहे. मी तिथं थांबतो आणि बाबासाहेबांचा हात धरतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते म्हणतात की, विजेच्या क्षेत्रासोबत चुंबकीय क्षेत्र असतं, तसं शरीरासोबत विञ्ञाण. आमच्या खात्यातल्या वायरमनला हे मी सांगितलं तर तो म्हणाला, वीज तोडली की मोटारीतलं चुंबकही गेलं. मुलाला मिळतं ते आईबापाकडून. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत कुणाच्या सोयीचा, तेही बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय: गरिबाच्या हालाची जबाबदारी समाजाला आणि सरकारला झटकता यावी म्हणून. आपल्या आज्यापणज्याला गावकुसाबाहेर ठेवताना हेच सांगितलं होतं ना?

मी त्या मुलीला म्हटलं, बाई, तुझं पोर कुणाचंही काही फेडत नाही. कारण कानात आहे, ते कानात शोधू. परवा ती तपासणी करून आली. कागद घेऊन थेट आमच्या दारात. पोर तीन वर्षांचं झालंय. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं, भाषा शिकायचं हेच वय. दोन वर्षं त्या वाक्यात गेली. आता कानाचं यंत्र बसेल, पण बोलायला शिकवायच्या वर्गाला रोज सकाळी न्यावं लागेल, आणि ती त्या वेळी दोन घरची धुणीभांडी करते. सोमवार आणि गुरुवार मी घेतलेत. बाकीच्या दिवशी कुणाला जमेल त्यांनी खीरदानानंतर मला भेटावं.

जय भीम. नमो बुद्धाय.