पांढऱ्या फुलांचे पाहुणे

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी गेली अनेक वर्षे चंदीगड येथे वनस्पतिशास्त्र शिकविण्यात घालविली, म्हणून संयोजकांनी मला त्या शहरातील उद्यानांविषयी बोलण्यास सांगितले. त्यातील एकच धागा मी घेणार आहे, तो पांढऱ्या फुलांचा. शाळेच्या मागील मोकळ्या जागेत महोत्सवानिमित्त उद्यान करण्याचे घाटते आहे आणि त्याचा आराखडा बाहेर फलकावर लावलेला मी येताना पाहिला. त्याविषयी शेवटी बोलेन.

चंदीगडची आखणी ल कार्बुझिए यांची हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेथील झाडांमागे मोहिंदरसिंग रंधावा यांची दृष्टी होती. ते आयसीएस अधिकारी असले तरी शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ होते. रस्त्याकडेला कोणत्या रंगाची फुले यावीत, याचाही विचार त्यांनी केला. सेक्टर १६ मधील प्रसिद्ध गुलाब उद्यान १९६७ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. फेब्रुवारीत तेथे उत्सव भरतो, गर्दी लोटते. त्या गर्दीतून पांढऱ्या गुलाबांच्या ताटव्याशी थोडा वेळ थांबून पाहावे. फुले शेकडो, पण मधमाश्या मोजक्याच! भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबात पुंकेसरांचेच रूपांतर पाकळ्यांत झालेले असते. गुलाबात मकरंद जवळजवळ नसतोच, माशी येते ती परागासाठी. तोही उरला नाही, तर तिने यावे कशाला? याउलट मे महिन्यात कसौलीच्या वाटेवर डोंगर चढू लागले की ओढ्याकाठच्या झाडांवर चढलेला रानगुलाब दिसतो. तेथील लोक त्याला कुंजा म्हणतात. पाकळ्या अवघ्या पाच, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका, आणि त्यावर माश्यांची अशी रीघ की वेल गुणगुणत असल्यासारखा वाटतो.

आता पांढरा रंग म्हणजे काय, ते पाहू. मोगऱ्याची एक पाकळी चिमटीत घट्ट दाबा. ती पाणचट, जवळजवळ पारदर्शक होते. पाकळीतील पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते. तिच्यामुळे प्रकाश चहूकडे विखुरतो आणि आपल्याला शुभ्रता दिसते. हवा निघाली की शुभ्रताही गेली. शिवाय ही शुभ्रता केवळ आपल्यापुरती आहे. मधमाशीला अतिनील किरण दिसतात, हे कार्ल फॉन फ्रिश आणि त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. बहुतेक पांढऱ्या पाकळ्या ते किरण शोषून घेतात, म्हणून माशीला त्या पांढऱ्या न दिसता निळसर-हिरव्या छटेच्या दिसत असाव्यात. देवघरात आपण वाहतो ते पांढरे फूल माशीच्या लेखी रंगीतच असते.

सुखना तलावामागच्या शिवालिकच्या टेकड्यांवर अडुळसा रान माजल्यासारखा वाढतो. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून तो टिकून आहे. आपल्याकडे तो खोकल्याच्या काढ्यापुरता आठवतो. वसंताच्या सुमारास तो फुलला की त्याचे फूल हातात घेऊन नीट पाहावे. फुलाला दोन ओठ असतात. खालच्या ओठावर जांभळट रेघा असतात, त्या मकरंदाची वाट दाखवितात. वरच्या ओठाच्या छपराखाली पुंकेसर दडलेले असतात. काळा मोठा भुंगा खालच्या ओठावर उतरतो, डोके आत घालतो, आणि पराग नेमका त्याच्या पाठीवर पडतो, जेथे त्याचे पाय सहजी पोचत नाहीत. याच टेकड्यांवर कढीपत्ताही रानटी उगवतो, त्याला तेथे गंधेला म्हणतात. त्याच्या फुलांपेक्षा पानांचा पाहुणा अधिक परिचित आहे: लिंबावरील फुलपाखराची अळी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठेपणी पानासारखी हिरवी होते. कुंडीतल्या कढीपत्त्यावर ती दिसताच लोक औषध फवारतात आणि मग शहरात फुलपाखरे राहिली नाहीत म्हणून हळहळतात!

ऑक्टोबरात चंदीगडचे कित्येक रस्ते सातवीणीच्या उग्र सुगंधाने भरून जातात. तिलाच आपण सप्तपर्णी म्हणतो. काहींना त्या वासाने डोके दुखते आणि झाडे तोडण्याची मागणी होते. मला ती मान्य नाही. त्या हिरवट-पांढऱ्या गुच्छांवर दिवसा मधमाश्या आणि माश्या असतात, अंधार पडल्यावर पतंग येतात. हा गंध त्यांच्यासाठी आहे. या झाडाच्या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा संबंध शाळेशी आहे, कारण त्याच्या मऊ लाकडाच्या लिहिण्याच्या पाट्या करीत. हीरक महोत्सवाच्या अंकात या झाडाची नोंद व्हावी, एवढा त्याचा अधिकार आहे.

पतंगांविषयी अजून थोडे सांगतो. पारिजातक, रातराणी, धोत्रा, बुचाचे झाड यांची फुले सायंकाळनंतर गंध सोडतात. बुचाच्या फुलाची नळी इतकी लांब की मधमाशीची जीभ तळापर्यंत पोचणे कठीण. तेथे हॉकमॉथ जातीचे पतंग येतात. फुलावर न बसता हवेत स्थिर राहून ते सोंड आत सोडतात, आणि त्यांतील एका जातीची सोंड शरीराहूनही लांब असते. (डार्विनने पतंगाविषयी केलेले ते प्रसिद्ध भाकीत आपल्याला शिक्षकांनी सांगितले असेलच, मी त्यात शिरत नाही.) स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले की असे पतंग केवळ चांदण्याच्या उजेडातही रंग ओळखतात. त्या उजेडात आपल्याला सारे करडे दिसते.

आता फलकावरील आराखड्याकडे येतो. त्यात कुंपणाची जुनी एकेरी तगर काढून दुहेरी तगर आणि कलमी गुलाब लावायचे आहेत, आणि रात्रभर जळणारे चार प्रखर दिवे बसवायचे आहेत. संस्थाचालकांना माझी नम्र पण स्पष्ट सूचना आहे की एकेरी तगर राहू द्यावी. तिची पाने खाणारी, डोळ्यांसारखे निळे ठिपके असलेली जाड हिरवी अळी पुढे हिरव्या-गुलाबी नक्षीचा देखणा हॉकमॉथ होते. ती कोष करते ते जमिनीवरच्या पालापाचोळ्यात, म्हणून कुंपणाखालचा पाला झाडून जाळू नये. फवारणी नको. दिवे हवेतच, तर खाली वळविलेले असावेत आणि कार्यक्रम संपताच मालवावेत, कारण दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग फुलाकडे जात नाही. उरलेल्या जागेत अडुळसा, करवंद, कढीपत्ता, पारिजातक लावावा आणि तुंबा आपोआप उगवला तर उपटू नये.

अडुळशाची रोपे विकत आणण्याची गरज नाही. पक्व फांदीचे वीतभर तुकडे पावसाळ्याच्या आरंभी ओल्या मातीत खोचले की ते धरतात. आठवीच्या वर्गाने हे काम अंगावर घेतले, तर कोणत्या फुलावर कोण, किती वाजता आले याची वहीही त्यांनीच ठेवावी. पहिली नोंद तगरीची करता येईल. ती आजही फुललेली आहे, सायंकाळी सात वाजता कुंपणाशी जाऊन उभे राहिले म्हणजे झाले.