एका खासदाराची दोन विधेयके
(बेसा येथील बैठकीत केलेले भाषण)



आजची बैठक बेशात ठेवली तेव्हा काही कार्यकर्त्यांनी विचारले, बेशात आता शेतकरी उरला आहे काय? प्रश्न खोटा नाही. ज्या वावरात पऱ्हाटी उभी राहायची तिथे आता आठ-आठ मजली इमारती उभ्या आहेत आणि सातबाऱ्याचे अकृषक झाले आहे. पण बेशाच्या पलीकडे, बुटीबोरीकडे, हिंगण्याकडे, उमरेडकडे कास्तकार आहे, आणि तो आज इथे बसला आहे. वावर विकून मोकळे झालेलेही काही जण मागच्या सतरंजीवर दिसतात. त्यांनी जावे असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी वावर का विकले, हाच आजचा विषय आहे.

आम्ही आज एका खासदाराच्या कामाबद्दल बोलणार आहोत. खासदार आपल्या विदर्भाचा नाही. तो ऊसवाल्यांचा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळचा. राजू शेट्टी २००४ साली शिरोळचे आमदार झाले, २००९ आणि २०१४ साली हातकणंगल्याचे खासदार झाले. त्यांच्या प्रचाराला गावोगावच्या शेतकऱ्यांनी मतासोबत नोटही दिली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या राजकारणाचा हिशेब आम्ही आज मांडत नाही. ते कोणत्या आघाडीत गेले, कोणत्या आघाडीतून बाहेर आले, यावर चहाच्या टपरीवर पुष्कळ बोलून झाले आहे. आम्हाला बोलायचे आहे ते ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांनी लोकसभेत मांडलेल्या दोन विधेयकांबद्दल.

पहिले विधेयक शेतमालाला हमीभाव मिळण्याच्या हक्काचे. दुसरे शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचे. ही विधेयके कोणा वकिलाने बंद खोलीत लिहिलेली नव्हती. ६ जून २०१७ रोजी मध्य प्रदेशात मंदसौरला गोळीबार झाला, सहा शेतकरी मेले. त्यानंतर देशभरातल्या संघटना एका समन्वय समितीत एकत्र आल्या. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत किसान मुक्ती संसद भरली. तिथे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका बोलल्या, आणि तिथेच या दोन विधेयकांचे मसुदे मांडले गेले. पुढच्या वर्षी शेट्टींनी ते लोकसभेत नेले आणि केरळचे खासदार के. के. रागेश यांनी राज्यसभेत.

आता आमचा कापूसवाला विचारील, उसाच्या माणसाला आमच्या भावाची एवढी काळजी कशाला? इथेच खरी मेख आहे. आपल्या देशात केंद्र सरकार वीस-बावीस पिकांचे आधारभूत भाव दरवर्षी जाहीर करते. पण त्या भावामागे कायदा नाही. ते मंत्रिमंडळाचे जाहीर वचन आहे, एवढेच. उसाची गोष्ट वेगळी आहे. उसामागे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस कारखान्यात गेला की चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर पंधरा टक्के व्याज. तरीही नाही दिले तर साखर आयुक्त वसुलीचा आदेश काढतो आणि कलेक्टर कारखान्याच्या साखरेवर बोजा चढवतो. कारखानदार हे सगळे सुखासुखी पाळतात असे नाही, थकबाकी दरवर्षी राहतेच. पण भांडायला हातात कागद असतो. राज्य सरकारने २०२२ साली एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला, शेट्टी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कापसाचा शेतकरी कोणत्या न्यायालयात जाईल? सरकीसकट कापूस खेडा खरेदीत आधारभूत भावाच्या हजार रुपये खाली गेला तर व्यापाऱ्याने कोणता कायदा मोडला? कोणताच नाही.

कायदा आमच्याही वाट्याला आला होता, हे जुन्या मंडळींना आठवेल. १९७१ साली महाराष्ट्र कच्चा कापूस अधिनियम झाला आणि एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या कायद्याने बांधले कोणाला? शेतकऱ्याला. कापूस फक्त सरकारला विकायचा, सीमेपलीकडे नेला तर गुन्हा. चुकारा कधी मिळेल हे मात्र कोणी सांगायचे नाही. आपल्याच पऱ्हाटीचा कापूस रात्री लपवत आंध्रात आणि मध्य प्रदेशात न्यावा लागला. तेव्हा कायदा म्हटले की आमच्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि तो रास्त आहे. म्हणून शेट्टींचे विधेयक वाचताना आम्ही एकच गोष्ट आधी पाहिली, की हे कोणाला बांधते? ते सरकारला बांधते. शेतकऱ्याने कुठे विकावे याचे बंधन त्याच्यावर टाकत नाही.

आता थोडा हिशेब. आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे, हिशेबाशिवाय उठू देणार नाही. शेट्टींचे विधेयक मांडले गेले त्याच्या महिनाभर आधी, जुलै २०१८ मध्ये, केंद्राने उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव दिल्याचे जाहीर केले. मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च धरला क्विंटलला ३४३३ रुपये आणि भाव दिला ५१५०. सोयाबीनचा खर्च २२६६, भाव ३३९९. गुणाकार बरोबर आहे. चूक आहे ती खर्चाच्या रकान्यात. त्यात बियाणे, खत, फवारणी, मजुरी आली, आणि घरच्या माणसांची मेहनत आली. याला ए-२ अधिक एफएल म्हणतात. स्वतःच्या वावराचा मक्ता त्यात नाही. बैल, मोटार, विहिरीत गुंतलेल्या आपल्या पैशाचे व्याज त्यात नाही. हे दोन्ही धरले की जो सर्वंकष खर्च होतो त्याला सी-२ म्हणतात. विधेयकाने मागितला तो सी-२ वर पन्नास टक्के. दुकानदार दुकानाचे भाडे खर्चात धरतो. कारखानदार भांडवलाचे व्याज धरतो. शेतकऱ्याच्याच वावराला भाडे नसते काय? बेशातल्या मंडळींना हे आम्ही सांगायला नको, जमिनीला काय मोल असते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या जमिनीचे भाडे सरकार शून्य धरते, ती जमीन ले-आऊटवाल्याला द्यायला माणूस किती दिवस नाही म्हणेल?

२०२५-२६ च्या हंगामातही हीच रीत राहिली. कापसाचा खर्च ५१४० धरून भाव ७७१०, सोयाबीनचा ३५५२ धरून ५३२८. आणि त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले, पुढे ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस वेचणीला आला आणि बाहेरच्या कापसाला दार उघडे. एक हात भाव जाहीर करतो, दुसरा हात तो पाडतो. सीसीआयच्या केंद्रावर जायचे तर आधी मोबाईलवर नोंदणी, मग ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. पहिल्या वेच्याचा कापूस दिवाळीत आठ टक्क्यांवर कसा येईल, हे मोजणाऱ्याला विचारावे!

दुसऱ्या विधेयकाबद्दल थोडक्यात. त्यात एकदाची कर्जमुक्ती होती, पण त्याहून मोलाची होती ती कर्जमुक्ती आयोगाची तरतूद. केरळने असा आयोग २००६ च्या कायद्याने केला. दुष्काळ पडला, बोंडअळी आली, तर मुख्यमंत्र्याच्या दारात बसायचे की आयोगाकडे हक्काने जायचे, हा फरक आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात बच्चू कडू आणि इतर नेत्यांसोबत हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन इथून जवळच वर्धा रोडवर बसले, राजू शेट्टीही त्यात होते. तेव्हा सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ असे सांगितले. तारीख मिळवायला सुद्धा महामार्ग अडवावा लागला. आणि बायांच्या दृष्टीने पाहा. या विधेयकांनी शेतकरी शब्दाचा अर्थ सातबाऱ्यावरच्या नावापुरता ठेवला नाही. मक्त्याने करणारा, नवऱ्यामागे वावर सांभाळणारी बाई, हेही शेतकरीच.

मग झाले काय? दोन्ही विधेयके खासगी सदस्याची. अशा विधेयकांना शुक्रवारी दुपारनंतरचे अडीच तास, तेही एक शुक्रवार आड. तिजोरीतून खर्च होणार असेल तर विचारार्थ घ्यायलाच राष्ट्रपतींची शिफारस लागते, म्हणजे सरकारची मर्जी लागते. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त चौदा विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० साली. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी दिल्लीत किसान मुक्ती मोर्चा गेला तेव्हा वीसहून अधिक पक्षांनी या विधेयकांना पाठिंबा जाहीर केला. नेते व्यासपीठावर हात धरून उभे राहिले. मे २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयके तिच्यासोबत संपली. शेट्टी स्वतः हातकणंगल्यात पडले. त्याच संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये तीन कृषी कायदे काही दिवसांत मंजूर केले, राज्यसभेत तर आवाजी मतदानाने, आणि पुढच्या वर्षी परतही घेतले. ते कायदे चांगले की वाईट, यावर आमच्यातच दोन मते आहेत. पण सरकारच्या मनात आले तर वेळ लागत नाही, एवढे त्यातून कळले.

म्हणून काही जण म्हणतात, शेट्टींनी निष्फळ काम केले. आम्हाला ते पटत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या कृषी स्थायी समितीने हमीभावाला कायद्याचे बळ द्या अशी शिफारस केली. एका खासदाराने मांडलेली गोष्ट सहा वर्षांनी सर्वपक्षीय समितीच्या अहवालात आली. विदर्भातून इतके खासदार जातात, कापसाच्या नावाने मते घेतात. त्यांच्यापैकी कोणी असा कागद पुन्हा सभागृहात ठेवावा, एवढी आमची मागणी आहे.

बैठकीनंतर खर्चाचे छापील तक्ते वाटले जातील. त्यात वावराच्या मक्त्याचा आणि घरच्या भांडवलाच्या व्याजाचा रकाना वेगळा ठेवला आहे. तो रिकामा ठेवू नका. बियाण्याची पावती, फवारणीचे बिल, वेचणीची मजुरी किलोमागे किती दिली, सगळे लिहा. बायांनी भरलेले तक्ते जास्त बरोबर येतात हा आमचा अनुभव आहे, म्हणून ते घरी नेऊन द्या. शेवटच्या वेच्यानंतर गावोगावचे तक्ते नागपूरला गोळा होतील, आणि जिल्ह्याच्या खासदारांना भेटायला जाणारे शिष्टमंडळ तेच घेऊन जाईल.